अक्षरी रुपये चौदाशे फक्त

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तीन राजे आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि पिंपळगाव राजा. पैकी सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला, तेव्हा त्या गावाबद्दल बोलायचं कामच नाही. देऊळगाव राजाला बालाजी आहे. तिसऱ्या राजाच्या, म्हणजे आमच्या, वाट्याला काय आलं असं कोणी विचारलं की मी घड्याळाकडे बघतो आणि खामगावची एसटी चुकेल असं सांगून निघून जातो. एसटी खरोखरच चुकते, त्यामुळे हे खोटं बोलणं होत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की पिंपळगाव राजाला बाहेरचा माणूस मुक्कामाला येतो तो एक तर कोणाचा तरी जावई असतो, नाहीतर मयतीला आलेला असतो. दोघांकडूनही भाडं घेता येत नाही. जावयाला तर उलट द्यावं लागतं. अशा गावात जन्मलेल्या माणसानं रात्रीच्या भाड्यानं घर द्यायचा धंदा काढावा, हा माझ्या कुंडलीतला दोष नसून आमच्या बँकेच्या सर्व्हरचा आहे.

त्या दिवशी दुपारी सर्व्हर बसला होता. बँकेत सर्व्हर बसला की माणसं उठतात आणि ज्ञानाची देवाणघेवाण सुरू होते. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्यानं मला एअरबीएनबीची कथा सांगितली. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को गावी दोन तरुणांना घरभाडं जड जाऊ लागलं. गावात डिझायनर मंडळींची परिषद भरली होती, हॉटेलं भरून गेली होती. या दोघांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता कबूल केला आणि रात्रीचे ८० डॉलर आकारले. तीन पाहुणे आले. त्यातूनच २००८ साली कंपनी निघाली. आणि त्या पहिल्या तीन पाहुण्यांत एकाचं आडनाव चक्क सुर्वे होतं! मराठी माणूस धंद्यात मागे असतो असं उगाच म्हणतात. या धंद्यात तो पहिल्या रात्रीपासून होता. फक्त गादीवर झोपलेला होता, एवढंच.

मी बी.कॉम. आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते मोजल्यावर माणसाला स्वतःचाही एखादा हप्ता असावा असं वाटू लागतं. कर्मचाऱ्याला गृहकर्ज जरा स्वस्तात मिळतं. ते घेऊन शेगावात दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट घेतला. पुढेमागे रिटायर झाल्यावर महाराजांच्या पायाशी राहावं, असं मी सर्वांना सांगितलं. तोपर्यंत महाराजांकडे येणाऱ्यांनी आमच्याकडे राहावं, हे फक्त बायकोला सांगितलं. बँकेच्या नोकरीत असताना दुसरा धंदा करायला मनाई असते. त्यामुळे फ्लॅट तिच्या नावावर, धंदा तिचा, यजमान तीच. मी आपला यजमानीणबाईंचा यजमान.

हिशेब सोपा होता. हप्ता चौदा हजार आठशे, सोसायटीचे नऊशे, वीज आणि धुण्याचे सोळाशे. एकूण सतरा हजार तीनशे. रात्रीचं भाडं अठराशे. कंपनीची कात्री लागल्यावर हाती येणार पंधराशे तीस. म्हणजे महिन्याला बारा रात्री भरल्या की आपण सुटलो. याला ब्रेक-इव्हन पॉइंट म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न मला हमखास यायचा. मुलगी पुण्याला शिकत होती. तिचं होस्टेल तेराव्या रात्रीपासून निघणार होतं.

पुस्तकात एक गोष्ट मात्र नव्हती. शेगावात आमचा स्पर्धक कोण, तर श्री गजानन महाराज संस्थान! त्यांची भक्तनिवासं आरशासारखी लख्ख, देणगी अगदी माफक, सेवेकरी बिनपगारी आणि वर महाप्रसाद फुकट. ज्या स्पर्धकाला नफाच नको आणि जो गिऱ्हाइकाला जेवू घालतो, त्याच्याशी स्पर्धा कशी करावी, यावर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत एकसुद्धा प्रकरण नव्हतं. पण गर्दी असली की भक्तनिवासही भरून जातं, आणि उरलेले कुठेतरी जाणारच. आमचा सगळा धंदा या 'उरलेल्यां'वर उभा होता.

मग तयारी. एका कंपनीकडे (वर सांगितलेलीच असं नाही, नाव कशाला घ्या) नाव नोंदवलं. खामगावच्या एका फोटोग्राफरनं असे फोटो काढले की आमच्या न्हाणीघराचा फोटो पाहून मलाच तिथे राहायला जावंसं वाटू लागलं. चार चादरी, आठ टॉवेल, सहा उश्या. बायकोनं चौदा सूचनांचा कागद तयार करून त्यावर प्लॅस्टिक चढवून आणलं. त्यात 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पहिली आणि 'आपलेच घर समजावे' ही शेवटची सूचना होती. मधल्या बारा वाचल्यावर हे आपलं घर आहे असं कोणालाही वाटणं शक्य नव्हतं. दाराशी आकड्यांच्या कुलपाची एक डबी बसवली. आत किल्ली. आकडा ठेवला १८७८. महाराज शेगावात प्रकटले ते साल, कोणाही भक्ताच्या लक्षात राहील असं.

हे सारं चालू असताना माझे वडील, म्हणजे बाबा, ओट्यावर बसून ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर ते फारसे बोलत नसत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "पाव्हना म्हनता, अन् भाडं घेता. एक काईतरी म्हना."

मी त्यांना ब्रेक-इव्हन पॉइंट समजावून सांगितला. ते उठून बैलाला पाणी पाजायला गेले.

पहिले पाहुणे कल्याणचे. पाच माणसं. आमच्या कागदावर 'आगमन दुपारी बारा वाजता' असं लिहिलं होतं. पण मुंबईहून संध्याकाळी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस शेगावला येते पहाटे, आणि रेल्वेनं आमचा कागद वाचलेला नव्हता. साडेचारला फोन वाजला. डबी उघडत नव्हती. मी १८७८ सांगितलं. ते म्हणाले, तेच लावतोय. मी म्हटलं, जरा ठोका. ते म्हणाले, ठोकली. मी म्हटलं, मनोभावे ठोका. पौष महिना. मफलर, स्वेटर, वरून घोंगडी असा अवतार करून मोटरसायकल काढली आणि खामगावमार्गे पस्तीस-चाळीस किलोमीटर तुडवून पावणेसहाला पोचलो, तर कुटुंब जिन्यात ओळीनं बसलेलं. आजी गुडघे चोळत होत्या. शेजाऱ्यांनी चहा दिला होता. "असू द्या हो, काही हरकत नाही," असं ते इतक्या समजुतीनं म्हणाले की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. आठ दिवसांनी तारे आले. पाचापैकी दोन. माणसं सभ्य, तारे स्पष्ट.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त, "आजी जिन्यात बसल्या?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी बँकेत निघालो तर हे धोतर, दोन सदरे, तांब्या आणि पंधरा किलो ज्वारीचं पोतं घेऊन दारात उभे. म्हणाले, "किल्लीपाशी मानूस लागते."

बाबांनी फ्लॅटची धाकटी खोली घेतली. त्यामुळे कंपनीच्या यादीत 'अख्खं घर' हे बदलून 'यजमानासह घर' असं करावं लागलं आणि भाव आला चौदाशेवर. ब्रेक-इव्हन पॉइंट बारा रात्रींवरून पंधरावर गेला. मी गप्प बसलो. म्हटलं, बोलावं तर हा माणूस परत ओट्यावर जाऊन बसणार.

आता यजमानानं पाहुण्यांचं आधार कार्ड पाहून घ्यावं, हा साधा नियम. बाबांना तो मान्य नव्हता. "आल्या मानसाले कागद मांगतात काय?" ते कागद मागत नसत. पाणी देत, बसवत आणि विचारत, "कोनतं गाव? आडनाव? आजोळ कुठचं?" पोलिसांनाही लागणार नाही एवढी माहिती दहा मिनिटांत जमा व्हायची. आधार कार्डावर आजोळ नसतं. बाबांना नेमकं तेच लागे. कारण आजोळ कळलं की नातं निघतं, आणि नातं निघालं की धंदा बसतो.

पुण्याहून कॉम्प्युटरवाला एक मुलगा आला. कानात बोंडं, पाठीवर पिशवी, कोणाशी न बोलण्याच्या बेतानं आलेला. बाबांनी त्याच्या आईची आई नांदुऱ्याची असल्याचं शोधून काढलं. नांदुऱ्यात आमच्या आत्याचं सासर. "म्हंजे तू आमचा भाचा झाला की रे!" मुलगा बिचारा हो म्हणाला, संगणकाला असल्या बाबतीत नाही म्हणता येत नसावं. दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा बाबांनी त्याच्या हातावर पाचशे एक रुपये ठेवले आणि घरची किलोभर तुरीची डाळ दिली. मी रात्री लेजर घेऊन बसलो. भाडं चौदाशे, कंपनीचे दोनशे दहा गेले, राहिले अकराशे नव्वद. त्यातून पाचशे एक गेले, राहिले सहाशे एकोणनव्वद. डाळीचे दीडशे धरले तर पाचशे एकोणचाळीस. आणि हा मामा-भाच्याचा व्यवहार कोणत्या खात्याला टाकावा? 'जाहिरात' या खात्याला टाकला.

ते चुकलं नव्हतं. महिनाभरात पाच-पाच तारे येऊ लागले. फ्लॅटबद्दल कोणी अवाक्षर लिहीत नव्हतं. टॉवेल, उश्या, फोटोतलं न्हाणीघर, सगळं वाया. 'आजोबांच्या हातचं पिठलं-भाकरी', 'आजोबा स्टेशनवर घ्यायला आले', 'ठेचा जपून खावा, आजोबा आग्रह करतात.' बाबांना भाकरी येते. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा शिकले. आधी जाड आणि कडेनं फाटलेली व्हायची. आई पडल्या पडल्या हसायची आणि खायची. जमायला लागली तोवर खाणारी राहिली नाही.

बायको म्हणाली, "मामाजींचा आवाज फोनवर कसा खणखणीत झालाय बघा." मी म्हटलं, होय, पण अजून चार रात्री कमी पडतात.

आणि मग आला प्रकटदिन. माघ वद्य सप्तमी. त्या दिवसांत शेगावात मुंगीला शिरायला जागा नसते. दिंड्या, पालख्या, टाळ. कंपनीकडून मोबाइलवर निरोप आला : आपल्या भागात मागणी वाढली आहे, आपण भाव बेचाळीसशे ठेवू शकता. मागणी वाढली, पुरवठा तोच, म्हणून किंमत वर. आलेख तर मी डोळे मिटून काढू शकतो. तीन रात्रींचे बारा हजार सहाशे! मी बोटानं एक बटन दाबलं. पंचवीस वर्षांत प्रथमच पदवीचा थेट उपयोग झाला.

पाहुणे आले ते लातूरकडचे, म्हातारी आई आणि तिचा मुलगा. तिसऱ्या दिवशी निघताना त्या म्हातारीनं बाबांच्या पाया पडून सांगितलं, की भाव ऐकून पोरगा परत फिरायचं म्हणत होता. पण मी कानातलं मोडलं, म्हटलं पुढच्या वर्षाचा काय भरोसा. तक्रार म्हणून नव्हतीच ती बोलली. एवढी चांगली सोय झाली, हेच सांगत होती.

मी संध्याकाळी पोचलो तर बाबा तांब्या घासून, धोतर बांधून तयार.

"महाराज पयल्यांदा दिसले तवा उष्ट्या पत्रावळीवरचे शितं येचून खात होते," ते म्हणाले. "बंकटलालनं घरी नेऊन ठेवलं. किती भाडं लावलं होतं रे त्यानं? परगटदिनाचा भाव येगळा होता काय?"

मी म्हटलं, "बाबा, तो हप्ता..."

"हप्ता भर ना. भराच लागते." आणि शेवटच्या एसटीनं गेले. मी मोटरसायकलवर सोडतो म्हटलं, तर म्हणाले तिकिटाचे पैसे आहेत.

पुढचा महिना मी पुन्हा ती डबी बसवली. नवी, महागाची. ती मात्र बरोबर उघडत होती. आणि उघडून लोक आत जात, झोपत आणि निघून जात. 'स्वच्छ. ठीक.' असं लिहीत. 'आजोबा कुठे आहेत? त्यांच्यासाठी आलो होतो,' असं दोघांनी लिहिलं. तीन तारे, चार तारे. नऊ रात्री, मग सात रात्री. इकडे घरी ओट्यावर बाबा. पाऊण भाकरीवरून अर्ध्या भाकरीवर आले. विचारलं तर "भूक नाई" एवढंच.

एका रविवारी मी फ्लॅट झाडायला गेलो. धाकट्या खोलीत गादीखाली शंभर पानी वही सापडली. मला वाटलं, चला, म्हातारा हिशेब ठेवत होता म्हणायचा. माणूस बँकेत असला की वही दिसताच बेरीज शोधतो. उघडली. 'पौष. पुणे. एकटा पोरगा. आजोळ नांदुरा. तिखट सोसत नाही. रात्री आईले फोन लावला नाही, लावून दिला.' 'माघ. अकोला. दोघं. लेकरू नाही. महाराजापाशी आले. बाई रडली.' 'नाशिक. चौघं. म्हाताऱ्याले पायऱ्या होत नाही, दुपारी धरून नेलं.' अशी बावीस पानं. तिथी, गाव, माणसं. एकही रक्कम नाही. म्हणजे एक होती. शेवटच्या पानावर, 'लातूर. माय-लेक' असं लिहून खाली नुसताच आकडा : ४२००. त्याखाली रेघ. पुढे काही नाही.

मी बराच वेळ तिथेच झाडू घेऊन बसलो होतो. मग पोस्टात जातात तसा मोबाइलमध्ये गेलो आणि वर्षभराचा भाव चौदाशे करून टाकला. प्रकटदिन, ऋषिपंचमी, रामनवमी, सगळ्याला चौदाशे. मोबाइलनं तीनदा विचारलं, तुमची खात्री आहे का? माझी नव्हती, पण होय म्हटलं. लातूरच्या पावतीवर पत्ता होता. चौदाशेनं बेचाळीसशे, म्हणजे तीन रात्रींचे जास्तीचे आठ हजार चारशे. मनिऑर्डर केली. कारणाच्या जागी 'हिशेबातली चूक' असं लिहिलं. बँकेत आम्ही हेच लिहितो.

गावी येऊन बाबांना एवढंच सांगितलं, की भाव एकच ठेवलाय.

ते म्हणाले, "भाव तू पाय. मले सांगू नको." थोड्या वेळानं विचारलं, "पान्याची टाकी धुतली होती काय तिथली?"

"नाही."

"मंग पाव्हन्याईले काय तेच पानी पाजून राह्यला?"

सोमवारी बँकेला जाताना मोटरसायकलच्या हँडलला तांब्या अडकवलेला होता आणि मागे बाबा, मांडीवर ज्वारीचं पोतं. खामगावपर्यंत दोघेही काही बोललो नाही. वाऱ्यानं तांब्या तेवढा वाजत होता.

सध्या महिन्याला सरासरी तेरा रात्री भरतात. दोन कमी पडतात. मुलीचं होस्टेल माझ्या पगारातून, आणि ती दोन रात्रींची तूट मी 'संकीर्ण खर्च' या खात्याला टाकतो. बायको म्हणते, एखादा डॉक्टर यापेक्षा जास्त घेतो. भाच्यांची संख्या आता अकरावर गेली आहे. त्यांतल्या एकाच्या लग्नाला आम्हा सर्वांना बोलावणं आहे, आहेर काय करावा यावर घरात चर्चा चालू आहे.

आज पहाटे चार वीसला फोन वाजला. मी दचकून उठलो. म्हटलं, डबी अडकली की काय. मग आठवलं, डबी तर काढून टाकली.

"झोपला होता काय?" बाबांचा आवाज. मागे बऱ्याच माणसांचा गलका. "गाडीचे लोक आले. सात जन हायेत, चार सांगतले होते. दूध फाटलं. तू येतानी दोन लिटर दूध आनजो."

मी म्हटलं, "बाबा, मी पिंपळगावला आहे."

"हाव, मले मालूम हाय. म्हनूनच आत्ताच सांगतलं."